रीफ टँकचं सामान, एक वर्षानंतर: काय आधी घ्यायला हवं होतं आणि काय उगाच घेतलं

कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायच्या माझ्या १०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकला आता वर्ष झालं, म्हणून त्याला लावलेल्या एकेका वस्तूबद्दल लिहून टाकतो. घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे पहिल्या आठवड्यातले, पॅकिंग छान, लगेच चालू झालं, पाच स्टार. अहो पहिल्या आठवड्यात सगळंच चालतं.

आधी लाइट, कारण सगळ्यात मोठा गाढवपणा तिथेच केला. बजेटचा जवळजवळ निम्मा पैसा एका भारी एलईडीत घातला आणि टँकात काय तर पाणी आणि दगड! अमोनिया खाणारे बॅक्टेरिया दगडांवर बसायलाच चार-सहा आठवडे जातात, तेवढे दिवस लाइट लागतच नाही, पण नवीन खेळणं हातात आल्यावर कोण गप्प बसतंय, रोज दहा तास लावून ठेवला आणि दगडांवर शेवाळाची गोधडी तयार. वर तो लाइट अॅक्रोपोरा-बिक्रोपोरा असले कडक कोरल ठेवणाऱ्यांसाठीचा, त्यांना पीएआर (कोरलला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) दोनशे-तीनशेच्या वर लागतो, माझ्याकडे मशरूम आणि झोआ हे मऊ कोरल, त्यांना शंभरच्या आसपास भरपूर झाला. आजही तो तीस टक्क्यांवर चालतो. लाइट उत्तम आहे, तक्रार लाइटची नाही, माझी आहे. निम्म्या किमतीचा साधा डिमरवाला घेतला असता, तोही दोन महिन्यांनी, तर कोरलला काही फरक पडला नसता.

त्या नादात आरओडीआय, म्हणजे नळाचं पाणी पार शुद्ध करणारं युनिट, मागे पडला आणि दोन महिने नळाचं पाणी क्लोरीन मारायचं औषध टाकून वापरलं. क्लोरीन जातो हो, पण फॉस्फेट आणि सिलिकेट कुठे जातात? आधी सगळं तपकिरी झालं, मग हिरवं झालं, मग मी शेवाळ काढायचं औषध घेतलं, मग शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी घेतल्या, या सगळ्याची बेरीज केली तर युनिट दोनदा आलं असतं. शेवटी घेतला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य, पुढच्या पाच-सहा आठवड्यांत दगड दिसायला लागले. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर गटारात जातं ते बघवत नाही, मी ते बादलीत धरून फरशी पुसायला घेतो. पण मला कोणी विचारलं पहिला पैसा कुठे घालू, तर इथे, टँकच्या काचेच्याही आधी.

पाण्याचा खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर स्वस्तातला आहे आणि झकास आहे, फक्त कॅलिब्रेशनचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) सोल्युशन बरोबर घ्या. मी शुद्ध पाण्याने शून्य लावून खूश होतो. सोल्युशन आणून थेंब टाकला तर काटा ३२ वर. म्हणजे इतके महिने मी ३५ समजत होतो ते पाणी खरं तर ३८ च्या घरात होतं, आणि झोआ का मिटून बसतात म्हणून लाइट वरखाली करत बसलेलो. त्या बाटलीने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या महागड्या मशीनने नाही शिकवलं.

हीटरवर मात्र राग आहे. ब्रँडचं नाव घेत नाही, सगळ्यांचेच थर्मोस्टॅट कधी ना कधी चिकटतात, पण माझा आठव्या महिन्यातच चिकटला तोही चालू अवस्थेत. सकाळी बघतो तर ३१ डिग्री, मशरूम बटणाएवढे झालेले आणि दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकतायत. पंखा लावून हळूहळू खाली आणलं, मासे वाचले, तीन गोगलगायी गेल्या. आता १०० वॉटच्या एकाऐवजी ५० चे दोन लावलेत, म्हणजे एक चिकटला तरी तो एकटा टँक उकळू शकत नाही, आणि दोन्ही बाहेरच्या कंट्रोलरवर. इथे काटकसर करू नका, मी केली होती.

वेव्हमेकर, म्हणजे टँकात पाणी फिरवणारे पंप, दोन घेतले, दोन्ही मिळून ताशी दीड-दोन हजार लिटर. मोठा एकच घेण्यापेक्षा हे बरं, प्रवाह सगळीकडून फिरतो आणि एक बंद पडला तर दुसरा असतो. स्वस्तातल्याचं चुंबक मात्र दर महिन्याला बाहेर काढून बघा, माझ्या एकाच्या वेष्टनाला तडा गेला आणि आत गंज, असं चुंबक रीफमध्ये ठेवायचं नसतं, त्याच दिवशी काढून टाकला.

ऑटो टॉप-ऑफला, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणाऱ्या यंत्राला, मी श्रीमंतांचे चोचले म्हणायचो. दिवसाला दीड लिटर पाणी उडतं आणि मीठ मागेच राहतं, तीन दिवस बाहेरगावी गेलो की ३५ चं साडेछत्तीस होऊन बसतं. साधा फ्लोट सेन्सरचा घेतलाय, सेन्सरवर गोगलगाय चढून बसली की गोंधळ होतो, त्याला जाळी लावलीय. टॉप-ऑफची बादली मुद्दाम छोटी ठेवा, अडकला तरी सगळं घर आणि टँक गोडं होणार नाही.

टेस्ट किटमध्ये सुरुवातीला अमोनिया आणि नायट्रेट पुरतात. कॅल्शियम, मॅग्नेशियमची किट मी पहिल्याच दिवशी घेतली आणि दोन्ही न वापरता एक्स्पायर झाली, कारण मशरूम कुठे सांगाडा बनवतात? सांगाडा बनवणारा हॅमर कोरल आणल्यावर अल्कलिनिटी (सांगाड्याला लागणारे पाण्यातले कार्बोनेट) मोजायला लागलो, आठ-नऊ डीकेएचवर (तिचं एकक) ठेवतो, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की अजून तरी वेगळं काही घालावं लागत नाही.

राहता राहिला प्रोटीन स्किमर, बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं मशीन. रात्रभर गुरगुरतो, पहिले दहा दिवस टँकभर बारीक बुडबुडे सोडले, आई म्हणाली सोडा वॉटरचा कारखाना काढलास का. नंतर कपात काळपट घाण जमायला लागली, म्हणजे काम करतो, वाईट नाही. पण महिनाभर बंद ठेवून बघितला, नायट्रेट होतं तिथेच राहिलं. दोन मासे, मोजून खाणं आणि नेमाने बदललेलं पाणी, त्यात तो काढणार तरी काय. सध्या धुऊन खोक्यात ठेवलाय, तिसरा मासा आला तर बघू.