लाराव्हेल आणि पिंट : दिवाळीपासून रोजच्या वापरात

आमची टीम लहान. पतसंस्था आणि छोट्या नियतकालिकांसाठी वर्गणी, पावत्या, सभासद यादी असली सॉफ्टवेअर आम्ही करतो. जुना कोड साध्या पीएचपीतला, आणि फाइल उघडली की ती कुणी लिहिली ते कंसांवरूनच कळायचं. गेल्या दिवाळीनंतर नवं काम लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवर घेतलं आणि जुनंही हळूहळू तिकडे नेतोय. लाराव्हेल चांगलं आहे हे आता कुणी सांगायला नको. मला त्याच्यासोबत फुकट मिळणाऱ्या, कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणाऱ्या पिंटबद्दल जास्त बोलायचंय, कारण रोजच्या कामात खरा फरक त्यानेच पडला. पण आधी सेटअप.

कंपोझरने (पीएचपीची पॅकेजेस आणून बसवणारं साधन) नवा प्रोजेक्ट उभा करणं सोपं आहे. उबंटूवर नुसतं पीएचपी टाकून भागत नाही. एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग, कर्ल ही एक्स्टेन्शन्स वेगळी टाकावी लागतात, नाहीतर कंपोझर वाटेतच अडतो. मार्च २०२४ मध्ये आलेल्या लाराव्हेल ११ पासून सांगाडा बराच आटोपशीर झालाय. डेटाबेस आपसूक एसक्यूलाइट असतो, त्यामुळे मायएसक्यूएल नसतानाही पहिलं पान दिसतं. मिडलवेअरची (विनंती कंट्रोलरपर्यंत पोचायच्या आधी मधे चालणारा कोड) नोंद करायची कर्नल फाइल मात्र गेली. ते सगळं आता बूटस्ट्रॅप फोल्डरातल्या अ‍ॅप फाइलमध्ये होतं. जुने व्हिडिओ बघून शिकणारी मुलं ती कर्नल फाइल शोधत बसतात. व्हिडिओची तारीख आधी बघा.

सर्व्हरवर दोन गोष्टी सांभाळा. डॉक्युमेंट रूट पब्लिक फोल्डरवरच हवा. शेअर्ड होस्टिंगवर सगळा प्रोजेक्ट उघड्यावर टाकलेला मी पाहिलाय. तसं केलं की डेटाबेसच्या पासवर्डसकट एन्व्ह ही गुप्त सेटिंगांची फाइल ब्राउझरमध्ये उघडू शकते. आणि स्टोरेज फोल्डरला लिहायची परवानगी मिळत नाही म्हणून ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारू नका, मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे द्या. आणखी एक चकवा : कॉन्फिग कॅश केल्यावर (सगळी सेटिंगं एका फाइलमध्ये साठवल्यावर) एन्व्ह फंक्शन फक्त कॉन्फिग फायलींमध्येच वापरायचं असतं. एसएमएसची किल्ली थेट कंट्रोलरमध्ये वाचली, तर आपल्या लॅपटॉपवरून मेसेज जातात आणि सर्व्हरवर किल्लीच्या जागी नल येतो. एरर कुठे दिसत नाही, सभासदांचे फोन मात्र येतात.

आता पिंट. हा २०२२ मध्ये आला, आतून पीएचपी-सीएस-फिक्सर हे त्याच कामाचं जुनं साधनच आहे, आणि नव्या प्रोजेक्टमध्ये आधीपासून असतो. कॉन्फिग काही न लिहिता चालवला की लाराव्हेलची स्वतःची शैली लावतो. ती पीएसआर-१२ या पीएचपीतल्या सर्वमान्य शैलीच्या जवळची असली तरी तिचे काही हट्ट वेगळे आहेत : नकाराच्या ! चिन्हानंतर एक जागा सोडायची, आणि स्ट्रिंगा जोडणाऱ्या टिंबाच्या दोन्ही बाजूंना जागा ठेवायची नाही. पहिलं पटलं. दुसऱ्याने लांब पावतीचा मजकूर जोडणारी ओळ डोळ्यांना नुसती गिचमिड वाटते. तेवढा एकच नियम आम्ही पिंटच्या जेसन सेटिंग-फाइलमध्ये बदलला. बाकी कुणाला काय आवडतं हे विचारलंच नाही, आणि तेच बरं झालं. कंस कुठे उघडायचा यावर रिव्ह्यूमध्ये होणारी तूतू-मैंमैं त्या आठवड्यात संपली.

जुन्या कोडवर पहिल्यांदा चालवणार असाल, तर आधी सगळ्यांच्या उघड्या ब्रँचेस मर्ज करून घ्या, नाहीतर कॉन्फ्लिक्ट निस्तरता निस्तरता संध्याकाळ होईल. तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये करायचा, त्यात दुसरं काहीही नाही. मग त्या कमिटचा हॅश ब्लेममधून (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी गिटची आज्ञा) वगळायच्या यादीत टाकायचा, गिट २.२३ पासून ही सोय आहे, आणि यादीच्या फाइलला ठरलेलं नाव दिलं तर गिटहबही ती वाचतं. हे नाही केलं, तर दोन वर्षांपूर्वीच्या व्याजाच्या हिशेबापुढेही पिंट चालवणाऱ्याचंच नाव दिसत राहतं.

कमिटआधीचा हुक (कमिट करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावून पाहिला आणि काढून टाकला. पिंटचा डर्टी पर्याय फक्त बदललेल्या फायली नीट करतो, पण नीट केलेलं पुन्हा अ‍ॅड करावं लागतं. फाइलमधला अर्धाच बदल स्टेज करणाऱ्याची तर पंचाईतच. आता सेव्ह करताना एडिटर पिंट चालवतो आणि सीआयमध्ये (कोड चढवला की आपोआप होणारी तपासणी) टेस्ट पर्याय असतो. तो फाइलला हात लावत नाही, चूक दिसली की बिल्ड पाडतो.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायचाय. मूळ फिक्सर धोक्याचे नियम वापरायला वेगळी परवानगी मागतो, पिंट मागत नाही. ‘स्ट्रिक्ट टाइप्स’चा नियम जेसनमध्ये घातला की तो गुपचूप सगळ्या फायलींच्या डोक्यावर जाऊन बसतो. फॉर्ममधून आलेला सभासद क्रमांक ही स्ट्रिंग असते. आधी पीएचपी ती निमूटपणे पूर्णांकात बदलून घ्यायचं, आता तीच ओळ टाइप एरर फेकते. हा बदल निव्वळ दिसण्यातला नाही, वागण्यातला आहे. हवा असेल तर करा, पण टेस्ट लिहून, फाइल-फाइलने.

आणि पिंटला काय कळत नाही, तेही सांगतो. ‘सभासद’ या शब्दाची लांबी बाइट मोजणाऱ्या साध्या स्ट्रलेनने १५ येते, एमबी-स्ट्रलेनने ५. पिंट दोन्ही ओळी तितक्याच नीटनेटक्या ठेवतो. एमबी-सबस्ट्रने ‘पावती’ चारवर कापली की उरतं ‘पावत’. वेलांटी गेली, कारण तीही एक वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. तिथे इंटल एक्स्टेन्शनमधली, वेलांटीसकट अक्षर एकच धरणारी ग्राफीम फंक्शन्स लागतात. असल्या गोष्टी रिव्ह्यू करणाऱ्यालाच पकडाव्या लागतात, आणि कंसांवरचा वेळ वाचल्यामुळे आता त्या पकडल्या जातात. टाइपच्या चुकांसाठी लारास्टॅन हे कोड न चालवताच तपासणारं साधन जोडलाय. जुन्या कोडच्या तक्रारी बेसलाइनमध्ये (तूर्त दुर्लक्ष करायच्या यादीत) टाकून खालच्या लेव्हलपासून सुरुवात केलीत तर झेपतो.

नावडलेलं : आम्ही वापरतो तो पिंट ब्लेडच्या (लाराव्हेलच्या पानांच्या टेम्प्लेट्सच्या) फायलींना शिवत नाही. त्यासाठी नोडचं वेगळं लटांबर बाळगायचं की एडिटर-कॉन्फिगवर भागवायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही, तूर्त भागवतोय. दुसरं म्हणजे पिंटची आवृत्ती बदलली की कधी कधी नियमही बदलतात, आणि काल हिरवा असलेला बिल्ड आज लाल होतो. म्हणून कंपोझरची लॉक फाइल गिटमध्ये ठेवा, सीआयमध्ये अपडेट नको, इन्स्टॉलच चालवा. पिंट अपडेट करायचा तर त्या दिवशी दुसरं काही मर्ज करू नका.