म्हापशातलं घड्याळाचं दुकान आणि आमचे गेलेले टोल

आमच्या डिचोलीच्या घरातलं टोल्यांचं घड्याळ दीड वर्ष गप्प होतं. चालत होतं, पण वाजत नव्हतं. सासूबाईंची नजर काचबिंदूने गेलेली, वय शहाऐंशी. त्यांचा दिवस त्या टोलांवर चालायचा. पाच टोलांना उठणं, अकराला आंघोळ, चारला चहा. टोल बंद झाले आणि दिवसातून वीस वेळा हाक येऊ लागली, "किती वाजले गो?"

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. 'ओ'क्लॉक' म्हणजे 'ऑफ द क्लॉक', हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं. पण 'क्लॉक' म्हणजे मुळात काय, हे निवृत्तीनंतर, हे घड्याळ गप्प झाल्यावरच शब्दकोशात पाहिलं. क्लॉक म्हणजे घंटा. मध्ययुगीन लॅटिनमध्ये घंटेला 'क्लोका' म्हणत. जर्मनमध्ये आजही घंटा म्हणजे 'ग्लोके', फ्रेंचमध्ये 'क्लोश', आयरिशमध्ये 'क्लोग'. तेराव्या-चौदाव्या शतकात घड्याळाची यंत्रं आली तेव्हा बहुतेकांचं मुख्य काम वेळ दाखवणं नव्हतं, वाजवणं होतं. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमधलं घड्याळ 1386 सालचं मानतात, आणि त्याला तबकडीच नाही. ते फक्त टोल द्यायला केलेलं. अंगावर घ्यायचा 'क्लोक' हा झगाही त्याच शब्दातून आला, घंटेच्या आकाराचा म्हणून.

हे वाचलं तेव्हा सासूबाईंचा प्रश्न मला नव्याने ऐकू आला. किती *वाजले*? आपण मराठीत वेळ विचारतो तीच आवाजावरून. हिंदीत घंटा म्हणजे तास, आणि घडियाल म्हणजे टोल मारायची काशाची थाळी. आपल्या जुन्या मराठीतही 'तास' म्हणजे ठोकायची थाळी हा अर्थ होताच. शाळेत आमचा शिपाई रुळाचा तुकडा ठोकायचा आणि आम्ही म्हणायचो, "माझा तास झाला." एकाच शब्दात थाळीही होती आणि वेळही, आणि मी रोज तो शब्द वापरत होते.

तर हे घड्याळ. माझ्या आजेसासऱ्यांनी पोर्तुगीज काळात मडगावात घेतलेलं. आठ दिवसांची चावी, लंबक, शिसवी पेटी. आधी ते एका शहरातल्या दुकानात नेलं होतं. तिथल्या माणसाने झाकणही नीट न उघडता सांगितलं, "आतलं सगळं काढून सेलचं मशीन बसवू, सहाशे रुपयांत काम होईल." मी घड्याळ उचलून परत आणलं. तो सल्ला मला अजून लागतो. सेलचं मशीन काटे फिरवील, पण सासूबाईंना काट्यांचा काय उपयोग?

म्हापशाच्या या दुकानाचा पत्ता मला एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. बाजारात, पहिल्या मजल्यावर, एका लाकडी जिन्याने वर जावं लागतं. जिना अरुंद आहे, घड्याळ कडेवर घेऊन चढताना दुसरा माणूस बरोबर असलेला बरा. खोली जेमतेम दहा बाय आठ. खिडकीजवळ टेबल, त्यावर दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, आणि भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं, त्यातली निम्मी चालू. दुकान एकला बंद होतं. मी पहिल्या दिवशी एकला दहा कमी असताना पोचले, तर मालक उठायच्या तयारीत. म्हणाले, "चार वरांचेर येयात, बाई." मी खाली भाजी-पाव खाल्ला, तीन तास काढले. तेव्हा 'वरां' हा शब्द डोक्यात घोळत राहिला. कोंकणीतलं 'वर', म्हणजे तास, पोर्तुगीज 'ओरा'वरून आलं, ते लॅटिन 'होरा'वरून, आणि ते ग्रीकवरून. आणि आपल्या ज्योतिषातली 'होरा' संस्कृतात आली तीही ग्रीकमधूनच. इंग्रजी 'अवर'सुद्धा त्याच घरचा. एकच शब्द गोव्यात दोन वाटांनी पोचला, एक पंचांगातून, दुसरा जहाजातून.

चार वाजता त्यांनी तबकडी काढली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. हे मला फार आवडलं. बहुतेक दुकानांत गिऱ्हाईकाला काउंटरपलीकडे डोकावू देत नाहीत. चावीची भोकं दोन. उजवीकडची स्प्रिंग काटे चालवते, डावीकडची टोल देते. "तुमी एकेच वटेन चावी दितात," ते म्हणाले. अगदी खरं. घरातली कामाची मुलगी फक्त उजवीकडे चावी देत होती, कारण तिला कोणी दोन भोकांचं सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी.

मग त्यांनी टोल मोजणारं चाक दाखवलं. रुपयापेक्षा थोडं मोठं पितळी चाक, काठावर खाचा. खाचांमधलं अंतर वाढत जातं. एका टोलासाठी इवलंसं, बारासाठी लांबलचक. एक दांडी चाकाच्या काठावरून घसरत जाते, तोवर हातोडी वाजत राहते. दांडी खाचेत पडली की टोल थांबतात. अर्ध्या तासाचा एक-एक टोल धरून बारा तासांत नव्वद टोल. मी बोटांवर हिशोब केला: एक ते बाराची बेरीज अठ्ठ्याहत्तर, त्यात अर्ध्या तासांचे बारा. या चाकाला काटे कुठे आहेत हे कळत नाही. त्याला फक्त आपला पुढचा आकडा माहीत असतो. म्हणून स्प्रिंग उतरली की टोल मागे राहतात, आणि पुन्हा चावी दिली की घड्याळात तीन असताना सात वाजतात. आमच्याकडे पूर्वी असं झालं होतं आणि आम्ही घड्याळ बिघडलं म्हणत होतो. उपाय साधा आहे: यंत्राखाली लोंबणारी तार हलकेच वर उचलायची, टोल जुळेपर्यंत वाजू द्यायचे. मोठा काटा बारावरून किंवा सहावरून उलटा कधी फिरवायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं.

पण आमच्याकडे मुख्य दुखणं वेगळं होतं. टोलाची स्प्रिंग तुटलेली, आणि वाजणारी गुंडाळलेली तार गंजलेली. आमच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनाही वास येतो, लोखंडाचं काय घेऊन बसलात. शिवाय हातोडीच्या टोकाचं कातडं वाळून दगडासारखं झालं होतं. त्यांनी नवं कातडं घासून घासून बसवलं. कठीण कातड्याने टोल कर्कश येतो, फार मऊ असलं तर येतच नाही. तार पाठीच्या फळीला जिथे स्क्रूने आवळलेली असते तो स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. तो आवळला आणि आवाज एकदम खोलीभर झाला. त्याआधी आणि त्यानंतर असे दोन टोल त्यांनी मला वाजवून दाखवले. मी म्हटलं, एवढ्या बारकाव्याची गरज आहे का? ते म्हणाले, "रातीं काटे कोण पळयता? लोक आयकतात." रात्री काटे बघतं कोण, लोक ऐकतात.

आता तक्रारी. आठ दिवस सांगितले, तेवीस दिवस लागले. स्प्रिंग बाहेरून मागवावी लागली हे मान्य, पण फोन उचलत नाहीत, त्यामुळे मी दोनदा फुकट खेटे घातले. पावती नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाव लिहून घड्याळाला दोरीने बांधलं, एवढंच. मोलाची वस्तू ठेवताना मला त्याची काळजी वाटली आणि अजूनही वाटते. निदान नावाची चिठ्ठी गिऱ्हाईकालाही द्यावी. शुक्रवारी जाऊ नका, आठवडी बाजारात घड्याळ धक्क्यांतून वाचवणं कठीण. एकूण दोन हजार चारशे रुपये झाले: स्प्रिंग, सफाई, तेल, कातडं आणि मजुरी. तुटलेली जुनी स्प्रिंग कागदात गुंडाळून परत दिली, न मागता. माझ्या मते पैसे योग्य आहेत. मनगटी घड्याळंही ते करतात, पण माझा अनुभव या एकाच कामाचा.

मी पणजीत कॉलेजला असताना इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची मोठी घंटा ऐकायची. ती जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली; आग्वादच्या दीपगृहात काही वर्षं राहून 1871 मध्ये पणजीत आली. मठ पडला, घंटा अजून वाजते. तेव्हा मी तिच्या आवाजावर वर्गात पळायचे आणि वर मान करून पाहतही नसे.

घड्याळ भिंतीवर लावताना लंबकाची टिकटिक दोन्ही बाजूंना सारखी पडते का, हे कान लावून पाहायला त्यांनी सांगितलं होतं. पेटी केसभर डावीकडे सरकवल्यावर ती जुळली. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. बारा वाजले, मग एक टोल, मग बऱ्याच वेळाने आणखी एक, मग आणखी एक. अंधारात पडून मी घोटाळ्यात पडले: हा साडेबाराचा, एकचा की दीडचा? पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "दीड वाजला गो, नीज आता."