खरखर काढू नका: हरारेहून मागवलेला म्बिरा, आठ महिने वाजवल्यावर

कुडाळात माझं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे. २७ वर्षं भजनी मंडळांच्या पेट्या उघडतोय. त्यामुळे नवं वाद्य हातात आलं की आधी ते मी उलटं करून बघतो, वाजवायचं नंतर.

म्बिरा म्हणजे लाकडी पाटीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या बोटांनी छेडून वाजवायचं आफ्रिकन वाद्य. तो घ्यायच्या आधी बाजारात मिळतो तो त्याच जातीचा १७ पट्ट्यांचा कलिंबा घेतला होता. गोड आहे, मुलांना द्यायला उत्तम. पण त्याचे सूर पेटीचेच. हा प्रकार १९५० च्या दशकात संगीत-अभ्यासक ह्यू ट्रेसी यांनी दक्षिण आफ्रिकेत बनवून जगभर पोचवला. त्याचं मूळ शोधत गेलो तेव्हा झिंबाब्वेच्या शोना लोकांचा म्बिरा सापडला आणि थेट हरारेच्या एका विक्रेत्याकडून मागवला. कस्टम, कुरियर सगळं धरून साडेचौदा हजार पडले.

माझ्या म्बिऱ्यात २४ पट्ट्या आहेत, तीन ओळींत. एकही पट्टी कारखान्यातली नाही. तार तापवून, ठोकून बनवलेली, टोकाला चपटी आणि रुंद, मध्ये जाड. प्रत्येकीवर हातोडीचे घाव दिसतात. पूर्वी हे लोहार स्वतः गाळलेलं लोखंड वापरत, आता पलंगाच्या स्प्रिंगा आणि सायकलचे आरेही चालतात. सूर लावायची रीत बघून मी थक्क झालो. पेटीचा सूर उतरला तर मला पितळी पट्टी कानसून घ्यावी लागते आणि कानस जरा जास्त फिरली की पट्टी गेली. इथे पट्टी नुसती आत ठोकली की बोलणारा भाग आखूड होऊन सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. काहीही खरवडायचं नाही. दाब देणाऱ्या आडव्या सळईखाली सगळ्या पट्ट्या इतक्या घट्ट बसल्यात की आठ महिन्यांत दोनच सरकल्या.

पाटीचं लाकूड मुब्वामारोपाचं. शोना भाषेत या नावातच रक्त आहे, कारण झाडाला घाव घातला की लाल चीक वाहतो. आपल्या बिबळ्याचा हा सख्खा भाऊबंद. रंधा मारलेल्या कडेवर बोट फिरवलं तर नवख्याला फरक कळणार नाही.

आता खरखरीबद्दल. विक्रेत्याच्या पानावर तिघाचौघांनी ‘आवाज फाटतो’ म्हणून एकच तारा दिलाय. वाचून वाईट वाटलं. पाटीच्या खालच्या बाजूला आणि म्बिरा ज्यात बसवतात त्या भोपळ्याच्या काठाला सोडाबाटलीची पत्र्याची बुचं सैल अडकवलेली असतात. पूर्वी तिथे गोगलगाईंचे शंख असायचे. पट्टी छेडली की ती झिणझिणतात आणि सुराभोवती एक वलय उभं राहतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली रेशमी दोरा सरकवून आपण जवारी काढतो, ती कशासाठी? नुसता स्वच्छ सूर कोरडा लागतो म्हणूनच ना! शोनांच्या मते तर या झिणझिणीने मन इकडेतिकडे भटकायचं थांबतं. बुचं काढून टाकणाऱ्याने म्बिरा न घेतलेला बरा.

कारण हे वाद्य मुळात करमणुकीचं नाहीच. याचं पूर्ण नाव म्बिरा झावाझिमू, म्हणजे वाडवडिलांच्या आत्म्यांचा म्बिरा. ‘बिरा’ नावाचा विधी रात्रभर चालतो. म्बिरा आणि होशो नावाचे खुळखुळे वाजत राहतात, पूर्वज माध्यमाच्या अंगात येतो आणि घरची माणसं त्याच्यापुढे आजारपण, भांडण, न पडलेला पाऊस मांडतात. ज्याने ढोलाच्या गजरात अवसर आलेला पाहिलाय, गाऱ्हाण्यात मूळपुरुषाचं नाव ऐकून हात जोडलेत, त्या आपल्याकडच्या माणसाला हे परकं वाटू नये. देव वेगळे, रीत वेगळी, पण माणूस वाडवडिलांसमोर उभा राहतो तो तसाच. मिशनऱ्यांनी याला भुताखेतांचं म्हणून दूर सारलं, तरी लोकांनी जपलं. म्बिरावादक स्टेला चिवेशे, जन्म १९४६, यांना बाई म्हणून शिकवायला गुरू मिळेना. शेवटी नात्यातल्याच एकाने शिकवलं आणि २०२३ साली वारल्या तेव्हा जग त्यांना म्बिऱ्याची राणी म्हणत होतं. २०२० साली युनेस्कोने झिंबाब्वे आणि मलावीची ही कला वारशाच्या यादीत घेतली.

तक्रार एकच, पण मोठी. सोबतचा भोपळा चिरलेला आला. त्यात म्बिरा बसवून वाजवायचा असतो, त्याशिवाय आवाज अंगणापर्यंतही जात नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर यायला तीन आठवडे गेले आणि पैसे परत मिळाले नाहीत. बिबळ्याचा भुसा सरसात कालवून चीर मी बुजवली. मागवाल तर पॅकिंगबद्दल आधी लेखी विचारा. आपल्या खाऱ्या हवेत पट्ट्यांना गंज धरतो, म्हणून दर आठवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होतं. पावसाळ्यात भोपळा चुलीवरच्या माळ्याला टांगा, नाहीतर बुरशी येईल.

वाजवायचं दोन्ही अंगठ्यांनी आणि उजव्या तर्जनीने. तर्जनी खालून वर उचलते, तीच अवघड. पहिले दोन महिने नख दुखलं. मग एका संध्याकाळी पडवीत वाजवत होतो. बाबा आत पडून होते. ८१ वर्षांचे, आयुष्यभर मृदंग वाजवलेला माणूस. आतून विचारलं, “दुसरो कोण वाजवता रे?”

दुसरा कोणी नव्हता. डावा आणि उजवा हात असे गुंफतात की ऐकणाऱ्याला मी वाजवतच नसलेली तिसरी चाल ऐकू येते. बाबांना उठवून पडवीत आणलं, तेव्हा कुठे पटलं त्यांना.

खरं तर यात दुसरा वादक असतोच. पहिला कुशाउरा म्हणजे मुख्य चाल वाजवतो, दुसरा कुत्सिनहिरा म्हणजे जोडीची चाल, पहिल्याच्या सुरांमधल्या फटीत आपले सूर बसवत. डबलबारीसारखी चढाओढ नाही यात. पण प्रत्येक कारागिराचं सूर लावणं निराळं, म्हणून जोडीचा म्बिरा पहिल्याशी जुळवूनच करून घ्यावा लागतो. माझ्या २४ पट्ट्या एकेक वाजवून रेकॉर्ड केल्या आणि या वेळी थेट कारागिराकडे पाठवल्या. दुसरा म्बिरा गणपतीच्या आधी येईल म्हणतोय. तो धाकट्यासाठी.