डिस्क, डाउनलोड की सबस्क्रिप्शन: गेमसाठी पैसे कशात घालावेत?

कन्सोल घेताना बहुतेकजण आधी किंमत बघतात. डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल स्वस्त दिसतं, म्हणून तेच घेतलं जातं. पण हा फरक एकदाच वाचतो आणि गेम पुढची पाच-सात वर्षं घ्यायचे असतात. म्हणून आधी हे ठरवा: पैसे दिल्यावर तो गेम कोणाच्या मर्जीवर चालणार?

डिस्कची खरी ताकद विकता येण्यात आहे. कथाप्रधान गेम तीन आठवड्यांत संपवून विकला, तर तुमचा खर्च म्हणजे खरेदी आणि विक्री यांतला फरक, एवढाच. डिजिटल प्रतीला पुनर्विक्रीची किंमत शून्य असते. शिवाय डिस्क अनेक दुकानदार विकतात, त्यामुळे भाव लवकर उतरतो. कन्सोलच्या डिजिटल स्टोअरमध्ये दुकानदार एकच, त्यामुळे सेलची वाट बघण्यापलीकडे हातात काही नसतं. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ च्या डिस्कही चालतात, म्हणजे जुना साठा वाया जात नाही. ड्राइव्ह नसेल तर तो साठा नुसता कपाटात राहतो.

मात्र डिस्कबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, डिस्क घेतली की स्टोरेज वाचतं. वाचत नाही. गेम पूर्ण एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या आतल्या साठवणीवर, उतरतो आणि तरीही खेळताना डिस्क ड्राइव्हमध्येच लागते. दुसरा, डिस्कवर अख्खा गेम असतो. प्लेस्टेशन ५ ची डिस्क १०० जीबीपर्यंत डेटा धरते, पण पहिल्याच दिवशी मोठा पॅच (डाउनलोड करावी लागणारी दुरुस्ती) येणं नेहमीचं झालं आहे. निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलच्या गेम-की कार्डवर तर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. गेम डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्ड खोचून ठेवायचं. हे कार्ड विकता येतं, पण सर्व्हर बंद झाल्यावर ते कामाचं नाही. खोक्यावर तशी सूचना असते, ती वाचूनच घ्या.

केवळ ऑनलाइन चालणाऱ्या गेमला डिस्कही वाचवत नाही. 'द क्रू' हा २०१४ चा रेसिंग गेम युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केला आणि विकत घेतलेल्या डिस्क निकामी झाल्या. एकट्याने खेळता येणारा भाग असूनही! ग्राहकांवरचा हा उघड अन्याय आहे. म्हणून सतत इंटरनेट मागणाऱ्या गेमला पूर्ण किंमत देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

ड्राइव्ह नंतर जोडायचा विचार असेल तर मॉडेल नीट बघा. २०२३ चं स्लिम डिजिटल आणि २०२४ चं प्रो या दोन्ही प्लेस्टेशन ५ ना वेगळा ड्राइव्ह बसतो. बसवताना एकदा इंटरनेट लागतं. २०२० च्या मूळ डिजिटल मॉडेलला आणि एक्सबॉक्स सिरीज एस ला ती सोय नाही.

आता डिजिटल. सोय निर्विवाद आहे: डिस्क बदलायला नको, चरा पडायची भीती नाही. पण विकत मिळतो तो परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. पैसे परत मिळण्याबाबत दुकानादुकानात मोठा फरक आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. गेम सुरू होताना शेडर (दृश्यं रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात गेलेली मिनिटंही त्यात धरली जातात, त्यामुळे पहिल्या तासातच निर्णय घ्या. जीओजी या पीसी गेमच्याच दुसऱ्या दुकानात मुदत ३० दिवसांची. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क गेला. गेमच सदोष असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खरेदी केल्यावर डाउनलोडचं बटण दाबण्याआधी थांबा.

पीसीवर एकच गेम स्टीम आणि जीओजी दोन्हीकडे असेल तर जीओजी घ्या. तिथला ऑफलाइन इन्स्टॉलर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि मग खेळायला कोणाची परवानगी लागत नाही. या तुलनेत टिकाऊपणाचा निकष लावला तर हाच पर्याय पहिला.

सबस्क्रिप्शनचा हिशेब लोक चुकीचा करतात. 'यादीत शेकडो गेम आहेत' ही मोजणी नव्हे. गेल्या वर्षी तुम्ही किती गेम संपवले आणि ते सेलमध्ये केवढ्याला पडले असते, त्या बेरजेशी वर्षाची फी ताडून बघा. वर्षाला तीन-चार गेम खेळणाऱ्याला फी क्वचितच परवडते. दरही स्थिर नसतात: ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या गेम पास अल्टिमेट या सबस्क्रिप्शनचा अमेरिकेतला मासिक दर १९.९९ वरून थेट २९.९९ डॉलर झाला. गेम यादीतून निघून जातात आणि त्यासाठी वेगळा विकत घेतलेला डीएलसी (गेमचा जादा भाग) मूळ गेमशिवाय पडून राहतो. म्हणून सबस्क्रिप्शनमधल्या गेमचा डीएलसी घेऊ नका.

उत्तम उपयोग असा: एक महिना घ्या, दोन-तीन छोटे गेम ठरवून संपवा आणि ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशी ऑटो-रिन्युअल बंद करा. भरलेला महिना संपेपर्यंत खेळता येतंच. कन्सोलवर विकतच्या गेमच्या ऑनलाइन मल्टिप्लेयरला मात्र सबस्क्रिप्शन लागतंच. तुम्ही मुख्यतः तेच खेळत असाल तर सर्वांत खालची श्रेणी पुरते.

राहिले फुकट गेम. इथे खर्च नेहमी वाईटात वाईट शक्यता धरूनच मोजावा. उदाहरणार्थ, गेन्शिन इम्पॅक्टमध्ये एका विशला, म्हणजे पात्रासाठीच्या एका सोडतीला, १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन) लागतात आणि पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. ९० विशमध्ये एक नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. हवं तेच पात्र खात्रीने मिळवायचं तर १८० विश, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम. एवढ्या चलनाचे पॅक किती रकमेचे होतात ते आधी काढा आणि त्या रकमेत किती पूर्ण गेम येतात ते बघा. बॅटल पास (पातळ्या गाठल्यावर बक्षिसं देणारा, सीझनपुरता विकतचा पास) घ्यायचाच असेल तर सीझनच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. फोर्टनाइटसारख्या गेममध्ये तोवर गाठलेल्या पातळ्यांची बक्षिसं तेव्हा एकदम उघडतात, आणि पास अर्धवट राहणार असेल तर ते पैसे देण्याआधीच कळतं.