नाचरी की जाळीवाली?

बॅलेच्या बाहुलीला सजवायचे दोन गेम आमच्या टॅबवर आहेत. सात वर्षांची भाची त्यांना ‘नाचरी’ आणि ‘जाळीवाली’ म्हणते. आपणही तेच म्हणू. दोन्ही फुकट, दोन्हींत जाहिराती, तेव्हा तिथे डावंउजवं नाही.

नाचरीचं कपाट ओसंडून वाहतंय. मुकुट, पंख, सॅटिनच्या फिती. शिवाय सजवून झालं की बाहुली चवड्यावर उभी राहून गिरकी घेते. जाळीवालीतली नुसतीच उभी. मुकुट मोजून चार. पहिल्या दिवशी भाचीने नाक मुरडलं, आणि खरं सांगायचं तर मीही.

मग ‘स्वान लेक’ या बॅलेचा व्हिडिओ पाहिला. त्यातल्या पांढरी ओडेट आणि काळी ओडील या दोन्ही भूमिका बहुतेक वेळा एकच नर्तकी करते हे कळल्यावर भाचीला काळीच हवी. नाचरीत चोळी काळी केली, खडे लावले. मग लांब घोळाऐवजी ताटासारखा आडवा टुटू, म्हणजे बॅलेचा जाळीचा घेर, निवडला, तर चोळी पुन्हा गुलाबी! खडेही गायब. आधी घेर, मग चोळी असा क्रम पाळला तर जमतं म्हणा. पण नटवताना कोण क्रम पाळतं? तिसऱ्यांदा तेच झाल्यावर भाची म्हणाली, “मामा, हिला काळं आवडतच नाही.”

जाळीवालीत घेर एकेक थर चढवत करायचा, प्रत्येकाची लांबी आणि रंग वेगळा. पांढऱ्यावर काळी जाळी टाकली की राखाडी दिसते, हे आम्हाला तिथेच कळलं. १८३२ साली पॅरिसमध्ये बॅले नर्तकी मारी ताल्योनीने घातला तसा पोटऱ्यांपर्यंतचा घोळ करायचा आणि एकेक थर आखूड करत न्यायचा. पाय कसे मोकळे होत जातात ते दिसतं. खऱ्या आडव्या टुटूत दहा-बारा थर सहज असतात, आणि ताठ राहायला बरेचदा आत गोल तार. इथे थर सहाच, पण तार आहे! ती काढली की घेर भसकन खाली. भाचीने वीसेकदा तरी पाडला असेल.

फोनवर मात्र जाळीवाली नको, थर निवडताना बोटांचे हाल होतात. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर कदाचित नाचरीच बरी. आम्हीही ती काढलेली नाही. अधूनमधून गिरकी बघायला उघडतो. बाहुली अर्थातच गुलाबी.