लिमातले चिफा: नऊ महिने आणि एक अडकलेली फिरती काच

गेल्या शनिवारी आमच्या दहा जणांच्या टेबलावरची मधली फिरती काच पुन्हा अडकली आणि कित्येक दिवस लांबणीवर टाकलेला हा अनुभव अखेर लिहायला बसलो. नोकरीनिमित्त पेरू देशाच्या राजधानीत, लिमात, आल्यापासून सान बोर्हा भागातल्या आव्हियासिओन रस्त्यावरच्या या चिफात (चिनी-पेरूवी जेवणाच्या हॉटेलात) मी कार्यालयातल्या पेरूच्या सहकाऱ्यांबरोबर आणि इथल्या दोन मराठी कुटुंबांबरोबर आठ वेळा जेवलो आहे. तक्रार एका टेबलापुरती असल्यामुळे हॉटेलचे नाव देत नाही.

चिफा म्हणजे साधे चिनी हॉटेल, असे समजून मी पहिल्यांदा गेलो, ही माझी चूक होती. 1849 ते 1874 या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर पेरूत आणले गेले, उसाकापसाच्या मळ्यांत आणि ग्वानोच्या, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खताच्या, बेटांवर राबले, आणि करार संपल्यावर त्यांतल्या अनेकांनी लिमाच्या मध्यवर्ती बाजाराजवळ खानावळी थाटल्या. म्हणूनच इथे घराघरांत आल्याला ‘किओन’ आणि सोया सॉसला ‘सियाओ’ म्हणतात. दोन्ही शब्द कँटनी, पण आता लिमाच्या स्पॅनिशमध्ये मुरलेले.

पहिल्या रात्री आम्ही माणशी एक पदार्थ मागवला आणि निम्मे अन्न डब्यांत भरून घरी नेले. इथला एक चाउफा, म्हणजे अंडे, कांद्याची पात आणि सियाओ घालून मोठ्या आचेवर परतलेला भात, तिघांना सहज पुरतो. तेव्हापासून दहा जणांत तीन चाउफा, दोन लोमो साल्तादो (कांदा-टोमॅटो आणि तळलेल्या बटाट्यांबरोबर परतलेले गोमांस) आणि तळलेल्या वांतानची, म्हणजे सारण भरलेल्या पातळ पिठाच्या पुड्यांची, एक मोठी ताटली एवढेच मागवतो. बिल जवळजवळ निम्म्यावर आले. शाकाहारी मंडळींनी भाज्यांचा चाउफा मागवताना त्यात कालवांचा सॉस घालू नका, असे आधीच सांगावे.

वांतानबरोबरच्या ‘चिंचेच्या’ लालभडक सॉसवर मी सुरुवातीला नाराज होतो, कारण आपल्याला अपेक्षित असलेला चिंचेचा आंबटपणा त्यात लागतच नाही, नुसता गोडवा. पिवळ्याधमक इन्का कोला या इथल्या गोड शीतपेयाबद्दलही माझे मत तेच होते. ही दोन्ही मते मी आता मागे घेतो. खारट, धुरकट चाउफाच्या दोन घासांनंतर थंडगार इन्का कोलाचा घोट घेतला की 1935 पासून लिमाकर या पेयाला का धरून आहेत, ते कळते.

आता काचेविषयी. गोल टेबलावर ती फिरते तेव्हा दहाही जणांचे जेवण एकत्र होते: समोरचा माणूस हलकेच काच ढकलतो, लोमो साल्तादोमधले सियाओ प्यायलेले बटाटे आपल्यापुढे येऊन थांबतात आणि नवख्या माणसालाही काही मागावे लागत नाही. ती अडकली की एका बाजूला सगळा भात, दुसऱ्या बाजूला सगळे मांस आणि दोन वेगळ्या पंगती. ऑगस्टमध्ये माझ्या मुलीच्या वाढदिवशी नेमके हेच झाले. टेबल बदलून मागितले, तर व्यवस्थापकांनी ताटल्या हातांनी सरकवा असे सांगितले, आणि सरकवताना गरम वांतान सूप मेजपोशावर सांडले. मी बिलात सूट मागितली. पाऊण तास वाद घातल्यावर केवळ सुपाचे पैसे वगळले.

तरीही ऑक्टोबरमध्ये गेलो, तेव्हा त्याच टेबलाची काच तेल दिल्यासारखी फिरत होती आणि आमच्या नेहमीच्या वाढप्याने, न सांगता, आमच्यासाठी तेच टेबल राखून ठेवले होते. त्या रात्री मी पूर्ण गुण दिले असते. शनिवारी मात्र सुपाचे मोठे भांडे ठेवताच काच कुरकुरली आणि थांबली. भांडे उचलले की पुन्हा फिरायची. म्हणजे दोष काचेत नसून खालच्या चकतीत आहे आणि नवी चकती बसवणे हा मोठा खर्च नव्हे. मी हे वाढप्याला दाखवले आणि त्याने ते लिहून घेतले. डिसेंबरमध्ये आम्ही बाराजण जाणार आहोत. आरक्षण करताना भिंतीजवळचे दुसरे गोल टेबल मागितले आहे आणि सूप माणशी वेगळ्या वाटीत आणायला सांगितले आहे.