मेपल स्नेअर, ११ महिन्यांनंतर: लाकूड झकास, खटका भिकार

स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला तो ड्रम, ज्याच्या खालच्या पानाला (ताणून बसवलेल्या पडद्याला) तारा टेकलेल्या असतात. त्या तारा पानाला लावायचा-सोडायचा तो खटका. माझा स्नेअर मेपल लाकडाचा. फेब्रुवारीत गंगाखेडला हळदीचा कार्यक्रम होता. तिसरं गाणं, अंतऱ्यात शिरतानाचा रोल, शेवटचा ठोका रिमशॉट (काडी पानावर आणि कडेच्या रिमवर एकदम), आणि तारांचा खटका आपोआप खाली पडला. तारा सुटल्या की स्नेअरचा काय आवाज होतो ते वाजवणाऱ्यांना सांगायला नको. चरचर गेली, नुसतं ठॉम ठॉम राहिलं. गायकानं माईक खाली धरला, मान वळवली आणि म्हणाला, "काय वाजवायलास रे? डबा?"

खटका वर केला. दोन ओळींनी पुन्हा खाली. मग उरलेला कार्यक्रम मी डाव्या गुडघ्यानं खटका दाबून धरून वाजवला. त्यामुळे हाय-हॅटचा, म्हणजे पायानं मिटवायच्या झांजांचा, पाय अर्धाच चालला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात युरियाच्या गोण्या मोजताना गुडघा बोलत होता.

३२ हजारांचा ड्रम आहे हा. घरी २२ सांगितलेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नावावरून भांडणं होतात आणि खटका बाजूलाच राहतो. माप नेहमीचंच, १४ बाय साडेपाच इंच, शेल म्हणजे ड्रमचं गोल अंग पूर्ण मेपलचं.

मेपल का घेतला ते आधी सांगतो. माझा जुना स्नेअर स्टीलचा, किटसोबत आलेला. मोकळ्या मैदानात तो राजा. पण आपल्याकडचे निम्मे कार्यक्रम पत्र्याच्या मंगल कार्यालयात. वर पत्रा, खाली फरशी, तिन्ही बाजूंनी भिंती. तिथं स्टीलवर रिमशॉट मारला की आवाज वर जाऊन परत डोक्यात येतो. पहिल्या रांगेतल्या आज्या कानावर पदर घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साउंडवाला शेवटी माझा माईकच बंद करायचा.

परभणीतल्या एका मित्राचा बर्च लाकडाचा स्नेअर महिनाभर वापरून पाहिला. नेमका वाजतो, पण हळू वाजवलं की गप्प बसतो. मग पुण्याला दुकानात जाऊन तासभर हा मेपल वाजवला. जोरात मारला तरी टोचत नव्हता, आणि दोन ठोक्यांच्या मधले जे हलके, काडी नुसती टेकवल्यासारखे ठोके असतात, ते एकेक सुटं ऐकू येत होतं. तिथंच ठरलं. खटका मात्र तिथं दोनदाच वर-खाली करून पाहिला. चूक माझी. शंभर वेळा करायला हवा होता.

घेणाऱ्यांना एक सांगतो. 'मेपल' नुसतं स्टिकरवर असतं, आत पॉपलर किंवा बासवूडचं लाकूड निघतं. दुकानदाराला एक बाजूचं पान काढायला लावा आणि शेलच्या कडेला पातळ थर एकावर एक दिसतात ते बघा. मधले थर वेगळ्या रंगाचे आणि भुसभुशीत दिसले तर मेपल नुसता वरून लावलेला आहे. पॉपलर वाईट नाही, फक्त मेपलचे पैसे त्याला देऊ नका. आणि लाकडाच्या नादानं वेडंही होऊ नका. लुडविग कंपनीचा सुप्राफोनिक स्नेअर, ज्यावर आजवर अगणित गाणी रेकॉर्ड झाली, तो अॅल्युमिनियमचा आहे.

आता खटका. गंगाखेडनंतर ड्रम घेतला त्या दुकानात फोन केला. ते म्हणाले, कंपनीच्या माणसाशी बोला. कंपनीचा माणूस म्हणाला, व्हिडिओ पाठवा. पाठवला. आठ दिवसांनी उत्तर, की वॉरंटी शेलवर आहे, हलणाऱ्या भागांवर नाही. मी विचारलं, साहेब, शेल काय हलतो का, तो बिघडणार कसा? त्यावर म्हणे, अख्खा ड्रम कुरिअरनं मुंबईला पाठवा, तपासून सांगू, येण्या-जाण्याचा खर्च तुमचा. नुसता खटका विकत द्या म्हटलं तर सुटा मिळत नाही. अहो, ३२ हजारांच्या वस्तूतला तळहातावर मावणारा तुकडा सुटा मिळत नाही! लग्नाच्या सीझनमध्ये ड्रम मुंबईला पाठवून मी काय टाळ वाजवू?

शेवटी स्टेशनजवळच्या मोटारसायकल गॅरेजमध्ये नेला. मामूंनी खटका खोलला, आतली चकती बोटावर धरली, उजेडात फिरवली. एका बाजूनं घासून पार आरशासारखी गुळगुळीत झालेली. "पकड गयी इसकी. क्लच जैसाच है ना बाबा," म्हणाले आणि डब्यातून एक स्प्रिंग वॉशर काढून बसवला. २० रुपये. चहा मी पाजला.

एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम सुरू झाले. चौकात स्टेज, समोर अख्खी वस्ती, रात्री बारापर्यंत भीमगीतं. तिथं या ड्रमनं मला जिंकलं. गायक हळू कडव्यात गेला की काडी उलटी करायची, तळहात पानावर ठेवायचा आणि काडीचा जाड भाग रिमवर आपटायचा. मेपलचा तो 'टक' असा येतो की जणू पाटावर कुणी बोटाचं पेर वाजवलं. त्याच गायकानं पुन्हा मागं पाहिलं, पण या वेळी नुसती मान डोलावली.

मे महिन्यात टेम्पोच्या हौद्यात काळ्या पेटीत ड्रम तापायचा. एका जुन्या बँडवाल्या काकांनी सांगितलं होतं, लाकूड आहे, आपल्या उन्हात तडकेल. काही तडकलं नाही. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, ते सहजी हलत नाहीत. त्रास झाला तो रॉडचा. ज्या बाजूला रिमशॉट बसतो तिकडचे पान ताणणारे दोन टेन्शन रॉड दर कार्यक्रमात सैल व्हायचे. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे गुंडाळली. तेव्हापासून रॉड आवळायची चावी खिशातच असते.

जूनमध्ये मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की मेपल पावसाळ्यात बिघडतो. कारण पाऊस लागला आणि तारा आपोआप चरचरायला लागल्या. गिटारवाल्यानं बेस लावला की चर्र, शेजारच्या छोट्या टॉम ड्रमवर मारलं की चर्र. मी दमट हवेला शिव्या दिल्या. इथं माझं मत मागं घेतो. हलगीचं कातडं पावसात ढिलं पडतं, म्हणून वाजवणारे कागद पेटवून शेकतात. पण आपलं पान पॉलिस्टरचं, त्याला दमट हवेनं काही होत नाही. झालं असं होतं की मेच्या शेवटी टेम्पोत स्टँडचा दांडा घुसून खालचं पान फाटलं होतं. ते असतं ३ मिल, वरचं १० मिल. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा फाटणारच. नवीन घाईत बसवलं, तारांच्या दोन टोकांजवळचे रॉड सैल राहिले आणि दोष दिला पावसाला. तिथले चार रॉड पाव-पाव फेरा आवळले, छोट्या टॉमचा सूर जरा वर चढवला आणि चरचर बरीच गेली. थोडी राहते. ती प्रत्येक स्नेअरला राहते, तिच्यासाठी लाकूड बदलू नका.

त्याच भानगडीत तारा धरणारी प्लास्टिकची पट्टीही तुटली होती. वडिलांचा गुडघ्याचा जुना एक्स-रे कापून दोन पट्ट्या केल्या. अडीच महिने झाले, चालू आहेत. वडील विचारतात, माझा गुडघा वाजतो का रे नीट?

मग ड्रम आवडता आहे की नाही? आहे. स्टीलचा मी भाच्याला देऊन टाकलाय, आणि मागच्या आठवड्यात एकानं याला २५ देतो म्हटलं तरी दिला नाही. (घरच्या हिशोबानं त्यात तीन हजार नफा होता.) पण मामूंचा वॉशरही आता घासत आलाय, परवा सरावात खटका पुन्हा एकदा खाली पडला. सध्या सायकलच्या ट्यूबचा बोटभर रबर कापून त्यात अडकवलाय. गणपतीला सेलूच्या दोन तारखा आहेत, पेटीत तसे सहा रबर कापून ठेवलेत.